येणे बाकी रुपया एक

दर मार्चमध्ये मी भल्या माणसांवर संशय घेते, आणि त्याचे मला पैसे मिळतात. जबलपूरला चेरीतालमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझं छोटंसं ऑफिस आहे. दुकानदार, लहान कारखानदार, कोचिंगवाले आपला वर्षाचा हिशेब माझ्या टेबलावर आणून टाकतात आणि मी तो बँकेला नि सरकारला दाखवण्याजोगा करून देते. या हिशेबात येणे बाकीची एक यादी असते. माल गेला, पैसे अजून यायचेत, अशा गिऱ्हाइकांची नावं त्यात असतात. मार्च संपत आला की त्या यादीकडे बघून ठरवावं लागतं, यातलं किती येईल नि किती बुडेल.

लोकांना हे काम रुक्ष वाटतं. वाटो बापडे. मला मात्र इतकी वर्षं करूनही त्याचं नवल सरत नाही. धरा, यादीत तीस नावं आहेत. तीसही माणसं चांगली, तोंडओळखीची, दिवाळीला मिठाई पाठवणारी. तरी अनुभव असा की शंभरातले तीनेक रुपये काही केल्या परत येत नाहीत. कोणाचे येणार नाहीत ते ठाऊक नसतं. मग कोणावरही बोट न ठेवता सगळ्या यादीवर मिळून तीन टक्के नफ्यातून काढून ठेवायचे, याला आम्ही तरतूद म्हणतो. विश्वासही ठेवायचा, तो मोडणार हेही धरून चालायचं, आणि कोणाशी वाईटपणा घ्यायचा नाही. ज्या कोणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं त्याला माझा साष्टांग नमस्कार आहे.

आणि एखादा माणूस देणारच नाही अशी खात्री पटली की त्याची रक्कम यादीतून काढून बुडीत खात्यात टाकायची. आमच्या बाजारात म्हणतात, डूबत में डाल दो. पण यात एक गोम आहे आणि ती मी प्रत्येकाला बजावून सांगते. पुस्तकातून काढलं म्हणजे माफ केलं असं होत नाही. तो तुमच्या घरातला कारभार झाला. देणं देणाऱ्याच्या डोक्यावर तसंच राहतं, उद्या त्याला बरे दिवस आले तर तुम्ही मागू शकता. म्हणून त्याच्यापुढं ब्र काढायचा नाही. सगळे ऐकतात. एकटी माझी आत्या ऐकत नाही.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. गढ्याला तिचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे, म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावर शिलाई मशिनी आणि त्यांच्यावर गल्लीतल्याच बायका. आत्याचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर जे पैसे मिळाले त्यातून तिनं पहिल्या मशिनी घेतल्या. आमच्याशी ती मराठीत भांडते, कारागीर बायकांशी हिंदीत, आणि हिशेब चुकला की स्वतःशी दोन्ही भाषांत. मी काही शिकवायला गेले की म्हणते, मला शिकवू नको, तुझे झबले मी शिवलेत.

या धंद्याचं गणित एप्रिल ते जूनचं. मार्चअखेर बँकेतून पैसे उचलायचे, कापड आणायचं, शिवायचं, दुकानदारांना उधारीवर माल द्यायचा. शाळा सुरू झाल्या की दुकानदार विकतात आणि राखीपर्यंत पैसे पोचवतात. बँक जितके पैसे उचलू देते त्याला लिमिट म्हणतात. लिमिट आहे तर कापड आहे, कापड आहे तर त्या बायकांना काम. आत्याचा सगळा जीव त्या लिमिटमध्ये.

तिची रीत ऐका आता. कोणाचं नाव बुडीत म्हणून काढायचं ठरलं की ती स्वतः त्याच्या घरी जाते. पाणी मागते. पाणी पिऊन झालं की सांगते, भैया, माझं तुमच्याकडं आता काही निघत नाही, मला पाहून रस्ता बदलू नका. एकदा रांझीच्या एका दुकानदाराकडे अशी जाऊन आली, एकदा गढ्यातल्याच एका बाईकडे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. अगं, उद्या तो चार पैसे कमावेल, तेव्हा मागायचा हक्क तू आपल्या तोंडानं घालवून आलीस, असं मी तिला ओरडून सांगितलं. तिनं शांतपणे सुईत दोरा ओवला.

"शहर ते केवढंसं गं," ती म्हणाली. "एका माणसानं मला टाळायचं ठरवलं तर त्याला अर्धं जबलपूर बंद होते."

आता कांचघर भागातल्या एका माणसाचं सांगते. तिथं गणवेशांचं त्याचं दुकान होतं आणि तो आत्याचं सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिला दीदी म्हणायचा, राखीला पैसे आणि पेढे सोबत घेऊन यायचा. लॉकडाऊन लागला त्या वर्षी त्यानं मोसमाचा माल नेहमीपेक्षा लवकरच उचलून ठेवला होता. मग शाळा बंद पडल्या. पोरं घरी बसून मोबाइलवर शिकू लागली, गणवेश कोण घेणार? पुढच्या वर्षीही तेच. शाळा उघडली तर शाळेनं शर्टाचा रंगच बदलला. इकडं मुलं वाढत होती नि तिकडं त्यांच्या मापाचे शर्ट गठ्ठ्यात पडून होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं, दुकानाचं भाडं थकलं आणि दुकान बंद झालं. तो ई-रिक्षा चालवू लागला. आत्याचे त्याच्याकडे चार लाखांच्या वर अडकले. त्या मालावरचा कर आत्यानं सरकारला केव्हाच भरला होता, आणि पैसे बुडाले म्हणून तो कर काही परत मिळत नाही. असं ते एकूण प्रकरण.

तरी दोन मार्च आम्ही ती रक्कम यादीत तशीच ठेवली. आशा होती म्हणा, नाहीतर मन होत नव्हतं म्हणा. तिसऱ्या मार्चमध्ये दोन गोष्टी झाल्या.

पहिली बँकेत. शाखेत नवा मॅनेजर आला होता, पुण्याकडचा, तरणा पोरगा. मराठी माणूस आला म्हणून आत्या खुशीत चिवड्याचा डबा घेऊन गेली. त्यानं चिवडा आनंदानं खाल्ला, तिचं करून राहिली नि जाऊन राहिली ऐकून गालातल्या गालात हसला, आणि मग स्वच्छ सांगितलं की काकू, लिमिट पुढं चालू ठेवायचं तर या मार्चचा ताळेबंद बघूनच ठरेल. नफा दिसला पाहिजे, तोटा दिसला तर माझ्या हातात काही नाही. मला ऐकताच कळलं. चार लाख बुडीत म्हणून काढले तर वर्षाचा सगळा नफा गिळून वर तोटा दिसणार होता.

मी वाट काढली. तशी वाट काढायचेच मला पैसे मिळतात. यंदा त्यातली थोडी रक्कम संशयित म्हणून बाजूला काढू, बाकीची यादीत राहू दे, लिमिट मंजूर झालं की पुढच्या वर्षी बघू. कायद्याच्या चौकटीत जेमतेम बसणारी गोष्ट होती, पण बसत होती. आत्याही हो म्हणाली.

दुसरी गोष्ट त्यानंतर आठवड्याभरात झाली. आत्या बटणांच्या पिशव्या घेऊन गढ्याच्या बाजारात ई-रिक्षासाठी उभी होती. समोर एक येऊन थांबली, त्यातून एक म्हातारी उतरत होती. चालवणाऱ्यानं आत्याला पाहिलं. आणि म्हातारीचा एक पाय अजून आत असताना त्यानं गाडी पुढं काढली. म्हातारी पडली नाही, लोकांनी धरलं, पण आत्या त्या पिशव्या घेऊन पायी घरी आली आणि तशीच बसून राहिली. मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तर म्हणाली, नाव काढ. पूर्ण काढ. रविवारी कांचघरला जायचं आहे, तू पण चल.

मी भांडले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे. एक महिना थांब, लिमिट होऊ दे, मग काढ नाव, हवं तर बँड लावून जा त्याच्या दारी. वरती त्या बायका बसल्यात त्यांचं काय करशील? वर मशिनी चालू होत्या, त्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. मग ती जे बोलली ते मी माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावलं असतं, पण गिऱ्हाइकं पळतील.

"तो देणार नाही हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, त्याला माहीत आहे. मग त्या हिशेबालाच काहून खोटं बोलायला लावून राहिली?"

लहानपणापासून मी तिला पाहते, तिच्या तोंडाळपणाला घाबरते, पण त्या दिवशी प्रथमच वाटलं की ही बाई माझ्यापेक्षा फार उंच आहे. तरी जाता जाता उचलली जीभ लावली टाळ्याला तसं म्हणून गेलेच, की जातेच आहेस तर बाकी मान्य असल्याच्या कागदावर त्याची सही तरी घेऊन ये, तेवढाच कोर्टाच्या कामी येईल. आत्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी चपला घालून निघाले.

रविवारी सकाळी आम्ही कांचघरला गेलो. बाजारामागच्या गल्लीत त्याचं घर, पुढं दुकान नि मागं दोन खोल्या. दुकानाच्या जागेत आता मोबाइल दुरुस्तीवाला बसत होता, पण वरची पाटी कोणी उतरवली नव्हती. तिच्यावर गणवेशातली दोन हसरी मुलं होती, उन्हानं पार फिकी पडलेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आत्याला पाहून तिचा हात पदराकडे गेला. तो आंघोळ करत होता, नाहीतर आमचा आवाज ऐकून मागच्या दारानं गेला असता याची मला खात्री आहे.

तिनं आम्हाला बसवलं. चादर घातलेला रुंद पलंग होता, जरा कडक लागला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आत्यानं सवयीनं हात फिरवला नि तिचा हात थांबला. चादरीचा कोपरा तिनं थोडा वर केला. खाली पलंग नव्हताच. तिच्याच कारखान्यातले शर्टांचे गठ्ठे होते, प्लास्टिकमध्ये नीट बांधलेले, एकावर एक रचलेले, खिशावर शाळेचं जुनं चिन्ह शिवलेलं. आम्ही आमच्या बुडालेल्या पैशांवर बसलो होतो. माझ्या आयुष्यात येणे बाकीचे आकडे मी हजारो पाहिले असतील, पण त्यांच्यावर बसायची वेळ पहिल्यांदाच आली.

बायको हळूच म्हणाली की दर महिन्याला गोळ्या बदलते. रद्दीवाला दोनदा येऊन गेला, यांनी दिले नाहीत. दीदीचा माल आहे म्हणतात.

मग तो आला, ओल्या केसांनी, आणि दारातच उभा राहिला. आत्यानं पाणी मागितलं. तिनं ते सावकाश प्यायलं, पेला खाली ठेवला, आणि नेहमीचं वाक्य सांगितलं. भैया, माझं तुमच्याकडं आता काही निघत नाही, नाव काढलं, मला पाहून रस्ता बदलू नका. ती हे हिंदीतच म्हणाली, आणि किती मायेनं म्हणाली ते माझं मलाच ठाऊक. मला वाटलं, आता याच्या छातीवरचा दगड उतरेल. रडेल बिचारा, पाया पडेल.

तो रडला नाही. त्याचा चेहराच उतरला, एखाद्याला घरातून वाईट बातमी यावी तसा. खाली बसला आणि म्हणाला.

"दीदी, आप दो गाली दे लेतीं, मैं सुन लेता। नाम मत काटिए।"

आत्या म्हणाली, अरे पण आता द्यायचं काहीच नाही, सुटलास की तू. त्यानं मान हलवली.

"दिन भर ई-रिक्शा चलाता हूँ। पर आपके यहाँ मेरा नाम लिखा है, तो मैं अभी भी कपड़े का व्यापारी हूँ। उधार तो व्यापारी को ही मिलता है। नाम कट गया, तो मैं क्या रह गया?"

वर्षानुवर्षं मी ही नावं एका बोटानं यादीतून उडवत आले होते. देणेकऱ्याला आपलं नाव त्या यादीत हवं असेल, तो ते जपत असेल, तिथं ते आहे म्हणून सकाळी उठून दाढी करत असेल, हे माझ्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लाजेनं तो पळत होता हे खरं. पण ज्या आकड्यापासून पळत होता त्याच आकड्याच्या आधारानं उभाही होता. आणि आत्या, जिच्या तोंडाला कुलूप लागलेलं कोणी पाहिलं नाही, ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या रीतीनं प्रथमच कोणाला दुखावलं होतं, आणि तिला ते दिसलं होतं.

मग तिनं माझ्याकडं वळून मराठीत विचारलं, "करता येते का गं काही?"

मला बाबांचं लेथ मशीन आठवलं. बाबा इथल्याच संरक्षण कारखान्यात होते. त्यांच्या विभागात एक फार जुनं लेथ होतं. दरवर्षी घसारा कापून कापून कागदावर त्याची किंमत संपली होती, पण मशीन तर उभं होतं, कामही करत होतं. म्हणून हिशेबात त्याची किंमत एक रुपया लिहून ठेवलेली असे. बाबा आम्हाला हे जेवताना सांगायचे नि दरवेळी स्वतःच चकित व्हायचे. शून्य लिहिलं तर उद्या कोणी म्हणेल असं मशीन नाहीच, म्हणून रुपया. किंमत गेली तरी ती गोष्ट आहे, हे विसरू नये म्हणून रुपया.

मी त्याला सांगितलं की चार लाखांचं सगळं बुडीत खात्यात जाईल, त्याला इलाज नाही, खोटं लिहिता येणार नाही. पण एक रुपया मी यादीत ठेवते. त्यानं नीट समजून घेतलं. एक रुपयाला पण पूर्वीसारखंच पूर्ण नाव येणार का, म्हणून विचारलं. म्हटलं, पूर्ण नाव, गाव कांचघर, येणे बाकी रुपया एक. बाकीच्यांच्या रांगेत, त्याच अक्षरात.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. आत्या कधी कोणा देणेकऱ्याकडे पाण्याच्या पुढं गेली नव्हती. त्या दिवशी चहा प्यायली, वर साखर कमी झाली म्हणून ऐकवलं पण.

एप्रिलच्या सुरुवातीला ताळेबंद घेऊन आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरनं तोटा पाहिला. यादीवर बोट फिरवत खाली आला आणि थांबला. हा एक रुपया टाइप करताना चुकलाय का, असं त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं, पलंगासकट. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, हे आम्हाला यंत्रांसाठी शिकवलं होतं, जमिनीसाठी शिकवलं होतं, माणसासाठी कोणी केलेलं मी पाहिलं नाही. बराच वेळ तो ते पान बघत बसला. आणि मग नियमाप्रमाणे त्यानं लिमिट निम्मं केलं.

मला असा संताप आला की काय सांगू. चिवडा परत माग, असं म्हणायचं मी ओठांवर आलेलं गिळलं. आत्याला स्कूटरवर मागं बसवून गढ्याला घेऊन आले. उतरल्यावर म्हणाली, चलो, खरं बोलून निम्मं तर मिळालं. पण त्या आठवड्यात कापड निम्मंच आलं. वरच्या मजल्यावर अर्ध्या मशिनींवर तिनं जुन्या चादरी टाकल्या आणि बायकांना एक दिवसाआड यायला सांगितलं. हे सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. एवढी वर्षं तिनं उभं केलेलं सगळं त्या मोसमात बसणार होतं, हे तिला कळत होतं, मलाही, आणि बायकांनाही.

बाजारात गोष्ट लपत नाही. एके सकाळी खाली ई-रिक्षाचा हॉर्न वाजला. कांचघरचा माणूस होता. या खेपेला गाडी पळवली नाही, आत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सकाळी माल द्या, संध्याकाळी पैसे आणून देतो. उधार नको. उधारीचं माझं खातं आहे तुमच्याकडं, तेवढं पुरे.

मी तिथंच होते. धंद्याच्या दृष्टीनं हा वेडेपणा होता. चार लाख बुडवलेल्या माणसाला कोणी पुन्हा माल देतं का? आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं बायकांना गठ्ठे खाली आणायला सांगितलं.

आणि मग मी जे पाहिलं ते सांगते. तो रोज ई-रिक्षात गठ्ठे भरून निघायचा. शाळांच्या फाटकांबाहेर, कारखान्यांच्या वसाहतींत, जिथं आया मुलांना घेऊन उभ्या असतील तिथं गाडी लावायचा. मुलाकडं एक नजर टाकून माप सांगायचा नि वर म्हणायचा, एक माप मोठं घ्या, दिवाळीपर्यंत चालेल. दुकानाचं भाडं नाही, उधारी नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या आत आत्यासमोर रोकड ठेवायचा आणि आपलं कमिशन मोजून घ्यायचा. जो पैसा दुकानदारांकडून फिरत फिरत राखीला यायचा, तो त्याच संध्याकाळी येऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा कापड. निम्मंच लिमिट होतं, पण ते थांबतच नव्हतं. मी बँकेचं खातं रोज उघडून बघायची, काम म्हणून कमी आणि विश्वास बसत नव्हता म्हणून जास्त. एकेक करून मशिनींवरच्या चादरी निघाल्या. त्या मोसमात एकही बाई घरी बसली नाही.

लिमिट पुढच्या वर्षी पूर्ववत झालं. मॅनेजरची बदली झाली तेव्हा निरोपाला येऊन तो आत्याच्या पाया पडला, आणि आत्यानं त्याला निम्म्याची आठवण करून दिल्याशिवाय सोडलं नाही.

गेल्या वर्षापासून कांचघरचा माणूस कमिशनमधले थोडे पैसे मागं ठेवतो. जुन्या खात्यात टाका म्हणतो. बुडीत म्हणून काढलेलं आल्यावर ते आमच्याकडं उत्पन्नात धरतात, बुडीत येणी वसूल म्हणून. पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा मी त्याला समजावलं की रीतीप्रमाणे आधी यादीतला तुमचा रुपया फिटतो, मग मागचं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि हात जोडले. वो रुपया रहने दीजिए बहन जी, म्हणाला, वो सबसे आखिर में दूँगा. मी माझ्या व्यवसायाच्या सगळ्या गुरूंची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि रुपया राहू दिला.

परवा या मार्चची यादी काढली. आत्याची गिऱ्हाइकं आता वाढली आहेत. मोठी दुकानं आहेत, एक दोन मालक गाड्यांतून येतात, सगळे वेळेवर देणारे. मी नेहमीसारखा सगळ्यांवर तीन टक्क्यांचा संशय धरला आणि कॉम्प्युटरनं खालीपर्यंत आकडे भरले. शेवटच्या काही ओळींत कांचघर होतं, पूर्ण नावासकट, येणे बाकी रुपया एक. त्याच्यापुढं पण यंत्रानं नियमाप्रमाणे तरतूद लावली होती, तीन पैसे.

ती मी हातानं खोडली.